नाडीआधी धंदा विचारणारा वैद्य

उसाचा काटा होतो, उचलीचा हिशेब होतो. पण ऊस तोडणाऱ्या हाताची झीज कोणत्याच वहीत चढत नाही. माणसाचे काम आणि त्याची दुखणी यांचा संबंध तीनशे वर्षांपूर्वी प्रथमच सविस्तर मांडणाऱ्या बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याची ही जीवनकथा.

दसरा-दिवाळी आटोपली, की बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी माणसे बिऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये घालून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखरपट्ट्यात जातात. तेथे नवरा-बायकोच्या जोडीला नाव नसते, एक ‘कोयता’ एवढीच तिची ओळख असते. अवजाराच्या नावानेच माणसाची गणती व्हावी, असे धंदे जगात फार थोडे असतील. पुढचे चार-पाच महिने हा कोयता पहाटेपासून चालत राहतो. हंगाम संपून माणसे बालाघाटाच्या डोंगररांगांतील आपल्या गावी परततात, तेव्हा कोणाचे मनगट सुजलेले असते, कोणाची बोटे रात्री बधिर होतात, कोणाचा खांदा वर उचलत नाही. दवाखान्यात गेल्यावर गोळी मिळते, इंजेक्शन मिळते. व्यवसायाच्या जागी बहुधा ‘मजुरी’ एवढाच शब्द पडतो आणि प्रकरण तेथेच मिटते.

या एका शब्दावर समाधान न मानता, रुग्ण नेमके कोणते काम करतो, कसे करतो, किती वेळ करतो, हे विचारल्याशिवाय निदान करू नये, असा आग्रह धरणारा एक वैद्य सतराव्या शतकात इटलीत होऊन गेला. वैद्यकाच्या इतिहासात त्याला व्यावसायिक आरोग्यशास्त्राचा जनक मानतात. आपल्याकडे मात्र त्याचे नाव वैद्यकीय महाविद्यालयांच्या पाठ्यपुस्तकांबाहेर फारसे ऐकू येत नाही.

बर्नार्दिनो रामाझिनी यांचा जन्म १६३३ साली उत्तर इटलीतील मोदेना संस्थानाच्या कार्पी या लहानशा गावी झाला. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगायचे, तर शिवाजी महाराज त्या वेळी तीन वर्षांचे होते. इटली हे तेव्हा एक राष्ट्र नव्हते. लहानमोठी संस्थाने, सरदारांच्या जहागिऱ्या, पोपची सत्ता आणि व्हेनिसचे प्रजासत्ताक असा तो विस्कळीत पट होता. बर्नार्दिनो यांचे आरंभीचे शिक्षण कार्पीतील जेझुइट पंथीयांच्या शाळेत झाले. लॅटिन भाषेवर त्यांनी तेथे मिळवलेले प्रभुत्व जन्मभर उपयोगी पडले. पुढे पार्मा विद्यापीठात त्यांनी आधी तत्त्वज्ञान आणि मग वैद्यक शिकून १६५९ मध्ये पदवी घेतली.

पदवी मिळाली म्हणजे वैद्य झालो असे न मानता ते रोमला गेले आणि तेथील एका अनुभवी वैद्याच्या हाताखाली राहिले. त्यानंतर रोमच्या उत्तरेकडील विटर्बोच्या परिसरात, कानिनो आणि मार्ता या गावांत त्यांनी वैद्यकी सुरू केली. तो मुलूख हिवतापाचा होता. काही वर्षांतच हा तरुण वैद्य स्वतःच तापाने इतका खंगला, की त्याला काम सोडून कार्पीला परतावे लागले. माणूस जेथे काम करतो तेथील हवा, पाणी आणि माती त्याच्या शरीरात शिरते, हा धडा त्यांना पुस्तकाआधी स्वतःच्या आजारपणातून मिळाला. १६६५ मध्ये फ्रान्चेस्का रिघी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १६७१ मध्ये ते मोदेना शहरात स्थायिक झाले.

बाहेरून आलेल्या या वैद्याला शहराने लगेच आपले म्हटले नाही. तेथील प्रस्थापित वैद्यांशी त्यांचे खटके उडाले, लेखी वाद झाले. रामाझिनींचा स्वभावही माघार घेण्याचा नव्हता. परंतु त्यांची विद्वत्ता आणि रुग्णांवरील निष्ठा लपून राहिली नाही. मोदेनाचा सरदार दुसरा फ्रान्चेस्को याने शहरातील विद्यापीठाची नव्याने उभारणी केली, तेव्हा १६८२ मध्ये वैद्यकाच्या अध्यासनासाठी त्याने रामाझिनींची निवड केली. पुढील अठरा वर्षे ते तेथे शिकवीत होते.

ही अठरा वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी म्हणावी लागतील. १६९० हे मोदेनाच्या ग्रामीण भागात अतिवृष्टीचे वर्ष होते. पिकांवर तांबेरा पडला आणि त्याच वर्षी खेड्यापाड्यांत तापाची साथ उसळली. रामाझिनींनी त्या साथीचे वर्णन लिहिताना पाऊस, साचलेले पाणी, पिकांची अवस्था आणि माणसांचा आजार हे सारे एकाच चौकटीत पाहिले. १६९१ मध्ये त्यांनी मोदेनाच्या विहिरींवर ग्रंथ लिहिला. जमिनीखालच्या थरांतून वर उसळणाऱ्या पाण्याचा शोध घेताना ते स्वतः खोदकामावर जाऊन बसत. तत्त्वज्ञ आणि गणिती लायबनिट्स त्याच सुमारास मोदेनात आला होता. त्याच्याशी रामाझिनींचा परिचय झाला आणि हवेचा दाब मोजण्याच्या कामाला त्यातून उत्तेजन मिळाले. १६९४ या संपूर्ण वर्षात रामाझिनींनी वायुभारमापकावरील पाऱ्याची पातळी नोंदवली आणि पुढच्या वर्षी त्या नोंदी प्रसिद्ध केल्या. म्हणजे मोजमापाचे महत्त्व न जाणणारा हा वैद्य नव्हता. उलट, आपल्या काळातील सर्वांत आधुनिक उपकरणाने तो निसर्ग मोजत होता. माणसाच्या श्रमाचे मोजमाप करणारे उपकरण मात्र त्या काळी कोणापाशीच नव्हते.

त्यांचे लक्ष कारागिरांच्या आजारांकडे वळले ते घरातीलच एका साध्या प्रसंगाने. मोदेना हे उंच आणि दाटीवाटीच्या घरांचे शहर होते. प्रत्येक घराचे शौचकूप ठरावीक वर्षांनी उपसावे लागे. रामाझिनींच्या घरी हे काम चालू असताना त्यांनी पाहिले, की तळाशी उतरलेला मजूर विलक्षण घाईने हात चालवतो आहे. इतकी घाई कशासाठी, अशी त्यांनी सहज चौकशी केली. त्या मजुराने डोळे वर करून सांगितले, की या जागी चार तासांहून अधिक काळ थांबणाऱ्याची दृष्टी जाते, आणि याची कल्पना ज्याने हे काम केले नाही त्याला येणार नाही. वर आल्यावर त्याचे डोळे लाल आणि निस्तेज झाले होते. घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहायचे आणि कोमट पाण्याने डोळे धुवायचे, एवढाच त्यांचा उपाय होता. शहरात अंधत्व येऊन भीक मागणारे या धंद्यातील काही जण रामाझिनींनी पुढे स्वतः पाहिले. मोठमोठे ग्रंथ वाचलेल्या प्राध्यापकाला जे ठाऊक नव्हते, ते एका मैला उपसणाऱ्याला ठाऊक होते. २०१३ च्या कायद्याने बंदी घातलेली असूनही गटारांत उतरलेली माणसे गुदमरून मरण पावल्याच्या बातम्या आपल्याकडे येतच राहिल्या आहेत. त्या वाचताना मोदेनातील तो मजूर परका वाटत नाही.

या प्रसंगानंतर रामाझिनी कारागिरांच्या कामाच्या जागी जाऊ लागले. तांबटांची आळी, कुंभारांचे चाक, काच ओतणाऱ्यांच्या भट्ट्या, धान्य चाळणाऱ्यांची कोठारे, धोबिणींचे घाट, खाणी, छापखाने अशा कितीतरी ठिकाणी त्यांनी डोकावून पाहिले. विद्यापीठातील प्राध्यापकाने अशा जागी पाय ठेवणे त्या काळी कमीपणाचे समजले जाई. रामाझिनींना तसे वाटले नाही. गरिबाच्या घरी गेलेल्या वैद्याने मिळेल त्या तिपाईवर निवांत बसावे, आल्याबरोबर नाडी धरून मोकळे होऊ नये, रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलावे, अशी त्यांची शिकवण होती. रुग्णाला काय होते, किती दिवसांपासून होते, त्याने काय खाल्ले, हे प्रश्न हिपोक्रेटिसच्या काळापासून वैद्य विचारीत आले होते. त्या यादीत रामाझिनींनी आणखी एका प्रश्नाची भर घातली: रुग्णाचा धंदा कोणता? हा प्रश्न आज इतका साधा वाटतो, की तो कोणी तरी पहिल्यांदा विचारला असेल हेच ध्यानात येत नाही.

या भटकंतीचे फळ म्हणजे ‘दे मॉर्बिस आर्टिफिकम डायट्रिबा’ हा कारागिरांच्या रोगांवरील लॅटिन ग्रंथ. तो १७०० साली मोदेनात प्रसिद्ध झाला. छत्रपती राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले ते हेच वर्ष. ग्रंथात सुमारे चाळीस धंद्यांचा स्वतंत्र विचार आहे. प्रत्येक प्रकरणात आधी कामाचे वर्णन, मग त्या कामाने होणारी दुखणी आणि शेवटी उपाय अशी मांडणी आहे. सोन्याचा मुलामा देणाऱ्यांना पारा कसा बाधतो, शिशाच्या झिलईमुळे कुंभारांचे हात आधी कसे कापू लागतात आणि नंतर कसे लुळे पडतात, धान्य मोजणाऱ्यांचा खोकला का थांबत नाही, हे सारे त्यात येते.

मोजमापाच्या दृष्टीने या ग्रंथातील एक हकिगत फार महत्त्वाची आहे. मोदेनाच्या मुलखातील फिनाले या गावी एका व्यापाऱ्याचा पाऱ्याचे क्षार तयार करण्याचा मोठा कारखाना होता. त्याच्या धुराने शेजार आजारी पडतो, कारखाना गावाबाहेर हलवावा, असा दावा एका रहिवाशाने लावला. पुरावा म्हणून त्याने गावच्या वैद्याची साक्ष तर दिलीच, शिवाय चर्चमधील मृत्यूंची नोंदवहीही हजर केली. कारखान्याच्या परिसरात मरणाऱ्यांची संख्या गावाच्या इतर भागांपेक्षा जास्त आहे, हे त्या वहीवरून दिसत होते. दोन वस्त्यांतील मृत्यूंची तुलना करून कारण शोधण्याची ही पद्धत आजच्या रोगपरिस्थितिविज्ञानाच्या अगदी जवळची आहे. खटला अखेर व्यापाऱ्याच्या बाजूने लागला. आकडे समोर असूनही न्याय मिळतोच असे नाही, हेही रामाझिनींनी त्याच पानावर नोंदवून ठेवले.

परंतु धूळ, धूर आणि विष यांच्यामुळे होणारे रोग त्यांच्या आधीही काहींनी वर्णिले होते. रामाझिनींचे वेगळेपण त्यांनी सांगितलेल्या दुसऱ्या कारणात आहे. कारागिरांच्या रोगांचे त्यांनी दोन गट केले. पहिल्यात हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंचा दोष, तर दुसऱ्यात शरीराच्या हालचालींचा आणि बसण्या-उठण्याचा. पदार्थ निरुपद्रवी असला, तरी शरीर अस्वाभाविक स्थितीत तासन्‌तास राहिले, तीच हालचाल पुन:पुन्हा होत राहिली किंवा जोर फार लागला, तर आतील यंत्रणा हळूहळू बिघडते आणि त्यातून मोठी दुखणी उभी राहतात, असा हा विचार होता. पाव करणाऱ्यांचे हात सतत कणीक तिंबून सुजतात, इतके, की हातांवरूनच तो धंदा ओळखता यावा, हे त्यांनी टिपले. हमालांचे खांदे, दिवसभर उभे राहणाऱ्यांचे पाय आणि वाकून शिवणाऱ्यांची पाठ यांच्याकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले.

ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी पादुआ विद्यापीठाने रामाझिनींना बोलावले. ज्या विद्यापीठात व्हेसेलियसने शरीररचना आणि गॅलिलिओने गणित शिकवले, तेथील अध्यासन म्हणजे वैद्याच्या आयुष्यातील परमोच्च मान होता. तो मिळाला तेव्हा रामाझिनी सदुसष्टीच्या घरात होते. शरीर थकले होते, हृदयाची धडधड त्रास देत होती आणि नजर झपाट्याने मंदावत चालली होती. निवृत्त होऊन कार्पीला जाऊन राहणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. काही वर्षांनी पादुआतील वैद्यकाचे पहिले अध्यासनही त्यांच्याकडे आले. १७११ मध्ये त्या परिसरात गुरांच्या बुळकांडीची भयंकर साथ आली, तेव्हा या वृद्ध प्राध्यापकाने आपले वार्षिक व्याख्यान बैलांच्या त्या रोगावर दिले. शेतकऱ्याचा बैल मेला की घर बसते, याची जाण त्यामागे होती.

१७१३ मध्ये, म्हणजे बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळाले त्या वर्षी, रामाझिनींनी आपल्या ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती पादुआत काढली. तिच्यात बारा नवे धंदे होते. बारा हा आकडा आपल्याला बलुतेदारांची आठवण करून देतो, आणि यादीही तशीच आहे: सुतार, विणकर, धार लावणारे, विटा पाडणारे, विहिरी खणणारे, नावाडी, साबण करणारे आणि असेच आणखी काही. हात आणि दंड यांच्या विकारांच्या इतिहासात या पुरवणीतील लेखनिकांवरील प्रकरणाला मानाचे स्थान आहे.

सरदारांची दफ्तरे, न्यायालये आणि पेढ्या चालवणारे हे लेखनिक म्हणजे आपल्याकडील फडावरचे कारकून. दिवसभर बैठक मारून बोरूने कागद काळे करणारा कारकून आजारी पडतो तो कशाने, असे आपल्याकडे कोणी विचारल्याचे दिसत नाही. रामाझिनींनी त्याची तीन कारणे मांडली. सतत बसून राहणे हे पहिले. हाताची एकाच दिशेने होणारी अखंड हालचाल हे दुसरे. चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण हे तिसरे. लेखणी हलकी असते, तिला जोर तो काय लागणार, असे कोणालाही वाटेल. पण बोटे लेखणी धरून ठेवतात तेव्हा स्नायू आणि स्नायुरज्जू सतत ताणलेले राहतात आणि काही काळाने उजव्या हातातील बळ जाते, असे त्यांनी स्पष्ट केले.

त्यांच्या ओळखीचा एक लेखनिक जन्मभर लिहून श्रीमंत झाला होता. त्याला आधी उजव्या दंडात थकवा जाणवू लागला. कोणत्याही औषधाने उतार पडेना. पुढे तो हात पुरता लुळा झाला. हार न मानता त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला. काही काळाने डाव्या हातालाही तोच विकार जडला. रामाझिनींनी ही हकिगत नोंदवली ती केवळ नवल म्हणून नव्हे. काम उजवीकडून डावीकडे गेले, तसा रोगही गेला. म्हणजे दोष हातात नव्हता, कामात होता. एकाच माणसाच्या दोन हातांची ही तुलना म्हणजे तिच्या काळातील एक नकळत घडलेला प्रयोगच होता. हे लिहून होत असताना खुद्द लेखकाची दृष्टी इतकी क्षीण झाली होती, की वाचण्या-लिहिण्यासाठी त्याला इतरांच्या हातांचा आधार घ्यावा लागे.

विणकामाच्या प्रकरणात त्यांनी हात, पाय, पाठ असे अवघे शरीर एकाच वेळी राबवणाऱ्या स्त्रियांचा थकवा वर्णिला. उपाय म्हणून ते मालीश सांगत, मधूनमधून विश्रांती सांगत, कामात संयम ठेवायला सांगत. धंदा सोडा, असे सांगणे मात्र त्यांना जड जाई, कारण त्याच धंद्यावर समोरच्या माणसाची चूल पेटते हे ते जाणून होते. आपले उपाय अपुरे आहेत, ही खंत त्यांच्या ग्रंथात ठिकठिकाणी जाणवते.

५ नोव्हेंबर १७१४ रोजी, विद्यापीठात व्याख्यानाला निघण्याच्या तयारीत असताना रामाझिनींना मेंदूचा झटका आला आणि त्यातच पादुआ येथे त्यांचे निधन झाले. वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावरही त्यांनी अध्यापन सोडले नव्हते. त्यांचे पुतणे बार्तोलोमेओ यांनी त्यांचे समग्र ग्रंथ संपादित केले आणि त्यांचे चरित्रही लिहिले. कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १७०५ मध्येच झाला होता. पुढे अॅडम स्मिथने आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथात, अतिश्रमाने मजुराचे आयुष्य कसे खचते हे सांगताना रामाझिनींचा दाखला दिला, तर कार्ल मार्क्सनेही ‘भांडवल’मध्ये त्यांचा उल्लेख केला. अर्थकारणात एकमेकांच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या या दोघांनाही याच वैद्याकडे यावे लागले.

आजच्या निकषांवर पाहिले, तर रामाझिनींच्या पद्धतीत उणिवा आहेत. त्यांनी माणसे पाहिली, ऐकली, पण मोजली नाहीत. शंभर लेखनिकांपैकी कितींचा हात गेला आणि न लिहिणाऱ्या शंभरांपैकी कितींचा, हे त्यांच्या ग्रंथातून कळत नाही. लेखणी किती जोराने धरली, मनगट किती वाकले, मिनिटाला किती हालचाली झाल्या, हे मोजण्याची साधने येण्यास आणखी अडीच शतके लागली.

१९८७ मध्ये सिल्व्हरस्टीन, फाइन आणि आर्मस्ट्राँग या संशोधकांनी अमेरिकेतील सात कारखान्यांमधील ३९ प्रकारच्या कामांवरील ६५२ कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाताला जोर लागतो का आणि तीच हालचाल पुन:पुन्हा होते का, या दोन कसोट्यांवर त्यांनी कामांची विभागणी केली. मनगटातील अरुंद बोगद्यातून बोटांकडे जाणारी नस दाबली गेल्याने होणारा विकार, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोम, जोर आणि पुनरावृत्ती दोन्ही जास्त असलेल्या कामांत आढळण्याची शक्यता, दोन्ही कमी असलेल्या कामांच्या तुलनेत पंधरापटीहून अधिक निघाली. १९९३ मध्ये ब्रिटनमधील मॅकअॅटम्नी आणि कॉर्लेट यांनी दंड, मनगट, मान आणि धड यांच्या स्थितीला गुण देणारी ‘रुला’ ही पद्धत मांडली. कागद-पेन्सिल घेऊन कामगाराच्या शेजारी उभे राहिले, तरी तिने काम भागते. १९९५ मध्ये मूर आणि गर्ग यांनी ‘स्ट्रेन इंडेक्स’ दिला. त्यात जोराची तीव्रता, जोर लावण्याचा काळ, मिनिटाला होणाऱ्या हालचाली, मनगटाची स्थिती, कामाचा वेग आणि दिवसातील तास या सहा बाबींच्या गुणांकांचा गुणाकार करतात. उत्तर तीनपर्यंत आले, तर काम सुरक्षित समजायचे, सात किंवा अधिक आले, तर धोक्याचे. गुणाकार महत्त्वाचा, कारण एक बाब थोडी वाईट असणे वेगळे आणि साऱ्याच वाईट असणे वेगळे. अखंड हालचाल, अस्वाभाविक स्थिती आणि अतिरेकी जोर असे रामाझिनींनी शब्दांत सांगितलेले सारे येथे आकड्यांत उतरलेले दिसते.

आता पुन्हा बीडच्या कोयत्याकडे वळू. मराठीत कारकुनांचाही फड असतो आणि उसाचाही. पहिल्या फडावरच्या हाताचे दुखणे रामाझिनींनी १७१३ मध्ये लिहून ठेवले. दुसऱ्या फडात काय घडते? डाव्या हाताने उसाला घट्ट पकड द्यायची, कमरेतून वाकून बुडख्यावर घाव घालायचा, पाचट काढायचे, शेंड्याकडील वाढे छाटायचे, ऊस मागे टाकायचा आणि लगेच पुढच्याला हात घालायचा. नंतर मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडतो, असे साधारणपणे सांगितले जाते. एका उसाचे वजन सव्वा किलो धरले, तर ते बाराशे ते सोळाशे ऊस होतात. प्रत्येकाला किमान दोन घाव धरले, तर चोवीसशे ते बत्तीसशे. हा ढोबळ हिशेब फक्त घावांचा आहे. पकड, पाचट, मोळी आणि ओझे त्यात धरलेले नाही. जोर, पुनरावृत्ती, वाकलेले मनगट, वेग आणि लांबलेला दिवस यांपैकी एकही बाब या कामात कमी नाही. गुणाकार काय येईल, हे सांगण्यासाठी फार मोठ्या गणिताची गरज नाही. मात्र अंदाज आणि नोंद यांत फरक असतो, आणि भरपाई असो की उपचार, मागणी नोंदीवरच टिकते.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, पाहणी झाली, तेव्हा कुठे वर्षानुवर्षे वस्तीवस्तीत ठाऊक असलेली गोष्ट सरकारी कागदावर आली. हाताची दुखणी अशी एकदम गाजत नाहीत. ती हळूहळू वाढतात, वयाच्या नावावर खपतात, आणि बाईची असतील, तर घरकामाच्या नावावर. हंगामात तीच बाई पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या वाहते, रात्री कोपीवर परतून पुन्हा चुलीशी बसते. तिच्या मनगटाला सुटी नसते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत मनगट आणि कोपराच्या अशा विकारांचा समावेश केला आहे. पण कारखान्याच्या दाराआतील कामगाराला जे कायदे लागू होतात, ते दाराबाहेर फडात राबणाऱ्याला लागू होत नाहीत. संप होतात, वाटाघाटी होतात, दर वाढतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्क्यांची वाढ मान्य झाली. ही वाढही टनावर होती. हात किती टन सोसू शकतो, हा प्रश्न त्या टेबलावर आला नाही.

खरे तर बीडएवढी या अभ्यासाला योग्य जागा दुसरी नसावी. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. माणसे ठरावीक महिन्यात जातात आणि ठरावीक महिन्यात परततात. जाण्यापूर्वी एकदा आणि परतल्यावर एकदा पकडीचे बळ मोजावे, बोटांचा बधिरपणा तपासावा, फडात जाऊन घाव मोजावेत, मनगटाची स्थिती नोंदवावी, आणि गावात राहिलेल्यांशी त्याची तुलना करावी, यासाठी महागड्या यंत्रांची गरज नाही. आकडे हाती आल्यावर कोयत्याची मूठ कशी असावी, मोळी किती किलोची असावी, दिवसात विसावा केव्हा असावा, हे सांगता येईल, आणि दुखावलेल्या हाताचा खर्च कोणी उचलायचा, हेही विचारता येईल.

१९८२ मध्ये इरव्हिंग सेलिकॉफ यांच्या पुढाकाराने जगभरातील व्यावसायिक व पर्यावरणीय आरोग्याच्या तज्ज्ञांची ‘कोलेजियम रामाझिनी’ ही संस्था स्थापन झाली. या वैद्याच्या जन्मगावाशी, कार्पीशी, तिचे नाते आहे. तो सन्मान योग्यच आहे. पण रामाझिनींचे खरे स्मारक दवाखान्यातील केसपेपरवर होऊ शकेल. उन्हाळ्याच्या तोंडावर बीडच्या एखाद्या दवाखान्यात हात दाखवायला आलेल्या बाईच्या नावापुढे ‘मजुरी’ न लिहिता ऊसतोड, किती हंगाम, कोणता हात, दिवसाला किती तास, अशी एक ओळ लिहिली गेली, तरी तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर मिळू लागले, असे म्हणता येईल.